बारा नंबरची काच

स्त्रीरोग विभागातून आलेले पत्र चार ओळींचे होते. एका जोडप्याचे पहिले बाळ तीन वर्षांपूर्वी जन्मानंतर तिसऱ्या दिवशी गेले होते. हात कोपरापर्यंतच वाढलेले, वरचा ओठ दुभंगलेला. आता त्या बाईला पुन्हा दिवस गेले होते आणि पंधरावा आठवडा चालू होता. बाळाच्या रक्ताचा गुणसूत्रांचा रिपोर्ट तेव्हा सामान्य आला होता, त्यामुळे या खेपेला वेगळ्या तपासणीची गरज नाही, एवढे सही करून कळवावे.

असल्या पत्राला ताई दोन मिनिटांत उत्तर देत. रुग्णालयाच्या गुणसूत्र प्रयोगशाळेत त्यांना सव्वीस वर्षे झाली होती. तिथे काचा वाचणारे, म्हणजे काचेच्या पट्टीवरच्या पेशी सूक्ष्मदर्शकातून तपासणारे, चौघे होते आणि शेवटची सही ताईंची. सही करण्याआधी जुनी काच पेटीतून काढून तिच्यावरचा नंबर पत्राशी ताडून बघायचा, ही त्यांची सवय. त्या दिवशीही त्यांनी काच काढली. नंबर बारा.

त्याच वेळी खिडकीजवळ नवे यंत्र बसवणे चालू होते. काच आत सरकवली की ते एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाऊन काचेवर फुटून पसरलेल्या प्रत्येक पेशीचा फोटो काढणार होते.

"एखादी जुनी काच द्या हो ताई, चालवून बघतो," यंत्र बसवणारा म्हणाला. "फार चांगली नको. चांगली काच कोणीही वाचतं."

ताईंनी हातातली दिली.

माणसाने काच वाचायची पद्धत वेगळी असते. एका थेंबात शेकडो पेशी फुटलेल्या असतात. काही चुरगळलेल्या, काहींची गुणसूत्रे एकमेकांवर पडलेली. वाचणाऱ्याने त्यांतल्या नीट पसरलेल्या वीस निवडायच्या, मोजायच्या, बाकीच्या सोडायच्या. प्रयोगशाळेत त्यांना देखण्या पेशी म्हणत. देखणी पेशी शोधावी ती ताईंनीच, असे सगळे मानत. बाहेरच्या भिंतीवर चौकटीत लावलेले सहाही फोटो त्यांच्या पेशींचे होते.

पडद्यावर पहिला फोटो आला.

"ही टाकून द्या," ताई म्हणाल्या. "औषध जास्त झालेलं दिसतंय."

"काय टाकायचं ते याला अजून शिकवलेलं नाही. सध्या सगळंच गोळा करतंय. अगदी भोळं आहे बिचारं."

दुसरा फोटो तसाच आला. तिसराही. चौथा बरा होता. पाचवा पुन्हा तसाच. ताईंनी स्टूल ओढले आणि बसल्या. पाऊण तासात साठ फोटो झाले. त्यांनी कागदावर रेघा ओढून मोजले. साठांतले त्रेचाळीस एकाच प्रकारे बिघडलेले होते.

पेशी दोन होण्याआधी तिच्यातल्या प्रत्येक गुणसूत्राची हुबेहूब प्रत तयार होते. मूळ आणि प्रत लगेच वेगळ्या होत नाहीत. कोहेसिन नावाच्या प्रथिनाच्या कड्या त्या दोघींना एकत्र धरून ठेवतात. नुसती कडी घालून भागत नाही. दुसरे एक प्रथिन मागून येऊन ती कडी पक्की करते. मग सगळ्या जोड्या पेशीच्या मधोमध रांगेत उभ्या राहतात, दोन्ही टोकांकडून दोर ताणले जातात, आणि शेवटची जोडीसुद्धा दोरांना नीट लागली की मगच सेपरेज नावाची कात्री कड्या तोडते. तोवर ती कात्री सेक्युरिन या आणखी एका प्रथिनाच्या म्यानात बंद असते. कात्री आधी चालली किंवा कडी आधी सुटली, तर वाटणी चुकते.

प्रयोगशाळेत पेशींना औषध घालून नेमके या रांगेतच थांबवतात, चाळीस मिनिटे. तेव्हा गुणसूत्र फुलीसारखे दिसते. हात थोडे उघडलेले, दोन प्रती जिथे जुळतात ती कंबर मात्र घट्ट. औषध जास्त वेळ राहिले तर हात आणखी उघडतात. आणि त्या त्रेचाळीस फोटोंत कंबरच घट्ट नव्हती. दोन प्रती रुळांसारख्या शेजारी शेजारी उभ्या होत्या.

असे चित्र ताईंनी पुस्तकात पाहिले होते. कडी पक्की करणारे प्रथिन जन्मतःच नसेल तर असे होते. आई आणि वडील दोघांकडूनही तो दोष आला तरच. अशा मुलांचे हात खुंटतात. आणि अशा आईवडिलांच्या पुढच्या प्रत्येक गर्भाला चारात एक एवढा धोका असतो.

ताईंनी तीन वर्षांपूर्वीची नोंदवही काढली. अक्षर त्यांचेच होते. "नळी १२. औषध वेळेपेक्षा जास्त राहिले. अकरा पेशी सोडल्या, चांगल्या वीस वाचल्या. सामान्य. कारण: हलगर्जी. संबंधितास समज दिली."

संबंधित म्हणजे पाचमिनिटे.

हे त्याचे आडनाव नव्हते. तो रक्ताच्या नळ्या तयार करायच्या कामावर होता आणि कुठेही गेला तरी "आलो पाच मिनिटांत" म्हणायचा, म्हणून सगळ्यांनी मिळून त्याचे बारसे केले होते. हजेरीपत्रकावरसुद्धा एकदा तेच नाव पडले होते. बारा नंबरच्या नळीच्या दिवशी ताईंनी त्याला सगळ्यांसमोर उभे करून झापले होते. "तुझी पाच मिनिटं कुणाच्या तरी बाळाच्या रक्ताची आहेत, कळतं का?" तो म्हणाला होता, "जास्त नाही झालं, ताई." एवढेच. कोणाचा विश्वास बसला नाही. दोन महिन्यांनी त्याचा करार संपला आणि तो पुन्हा झाला नाही.

पत्रावर सही न करता ताई घरी गेल्या.

घरी दोघीच असत, ताई आणि त्यांची धाकटी बहीण. धाकटी कपडे दुरुस्त करून द्यायची. पुढच्या खोलीत तिचे मशीन, मागच्या खोलीत दोघींचे पलंग. ताई आल्या तेव्हा तिने एक कोट उलटा करून मांडीवर घेतला होता.

"चेहरा का असा? कोणी मेलं?"

"तीन वर्षांपूर्वी."

धाकटीने सुई अस्तरात खोचून ठेवली. ताईंनी सगळे सांगितले. कडीचे, म्यानाचे, रुळांचे. धाकटी मध्ये बोलली नाही, हे तिच्या स्वभावाला सोडून होते.

"म्हणजे धावदोरा घातला," ती शेवटी म्हणाली, "पण टोकाला गाठच मारली नाही. ओढला की सुळकन बाहेर."

"साधारण तसंच."

"आणि तू ते बघितलं होतंस."

"बघितलं होतं. पण मला वाटलं—"

"तुला वाटलं त्या पोराने घाण केली." धाकटीने कोट झटकला. "ताई, तुला लहानपणापासून कपड्याची उलटी बाजू बघायची सवयच नाही. समोरून छान दिसलं की झालं. आईने विणलेला तुझा स्वेटर आठव. आतून सगळ्या गाठी माझ्याच अंगाला टोचायच्या, कारण तुझा जुना झाला की तो मला."

"आता स्वेटर काढू नकोस."

"मग काय काढू? जेव आधी. उद्या बोलावंच लागणार आहे, उपाशीपोटी तोंड फुटायचं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई मॅडमांच्या खोलीत गेल्या. मॅडम प्रयोगशाळेच्या प्रमुख होत्या. ताईंपेक्षा दहा वर्षांनी लहान, हुशार आणि बोलण्यात सावध. त्यांनी साठही फोटो पाहिले, नोंदवही वाचली आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"यात तुम्हीच लिहिलंय, औषध जास्त झालं. मग हे त्याचंच असेल की."

"औषधाने हात उघडतात, मॅडम. कंबर अशी सुटत नाही."

"फार जास्त झालं तर?"

फार जास्त, म्हणजे तास दोन तास, तर कंबरही सैल पडते. हे ताईंना माहीत होते आणि मॅडमांनाही.

"त्या दिवशीच्या बाकीच्या नळ्या?" मॅडमांनी विचारले.

"एका स्टँडात पाच होत्या. चार काचा मी सकाळी काढून बघितल्या. चारही चांगल्या आहेत. चारांच्याही कंबरा घट्ट."

"पण बारा नंबर एकटीच मागे राहिली असेल. एकेक नळी काढतात ना?"

"एकेकच काढतात."

"मग?" मॅडमांचा आवाज खाली आला. "ताई, मी टाळत नाहीये. पण नक्की नसताना त्या बाईला काय सांगायचं? आपण असं करू, खबरदारी म्हणून गर्भजल तपासू या असं कळवू. जुनं कशाला उकरायचं?"

"खबरदारी म्हणून पोटात सुई कोण घालून घेईल? पहिलं मूल गेलेली बाई आहे ती. रिपोर्ट सामान्य आहे असं तिला आपणच सांगितलंय. कारण विचारेलच."

"तुमच्या निवृत्तीला किती राहिलंय?"

"चौदा महिने."

"तेच म्हणतेय मी."

ताई उठल्या. "बारा नंबरच्या नळीत औषध किती वेळ होतं, हे एकाच माणसाला माहीत आहे. त्याला विचारून येते."

पाचमिनिटे आता एका पावाच्या कारखान्यात भट्टीवर होता, हे प्रयोगशाळेतल्या शिपायाला ठाऊक होते. ताई दुपारी पोचल्या. लांबट खोली, एका भिंतीला तीन भट्ट्या, समोर पत्र्याच्या ताटांची मांडणी. भिंतीवर दोन घड्याळे होती. तो पिठाने पांढरा झालेला, पोटाला थोडा सुटलेला, हातात लांब दांड्याचे फावडे.

त्याने ताईंना पाहिले आणि भट्टीचे दार लावून घेतले.

"या ताई. पाव कच्चा निघाला की काय?"

"तुझ्याकडे एक काम आहे."

"हे अकरा मिनिटांनी काढायचेत. त्याच्या आत सांगा." तो घड्याळाकडे बघत म्हणाला. "इथे मला कोणी पाचमिनिटे म्हणत नाही. मालक 'साहेब' म्हणतो. पाव जळला की 'गाढव' म्हणतो, ते वेगळं."

ताईंनी पिशवीतून दोन फोटो काढून त्याच्या हातात दिले. हात पुसून त्याने ते उजेडात धरले. तीन वर्षे झाली तरी ते कसे धरायचे हे तो विसरला नव्हता.

"बारा नंबर," तो म्हणाला.

"तुला आठवतो नंबर?"

"माझी नोकरी गेली त्यावर. नंबर नाही आठवणार?"

"औषध किती वेळ ठेवलं होतंस?"

तो हसला, पण ते हसू डोळ्यांपर्यंत गेले नाही. "तुम्ही माफी मागायला आलात की वेळ विचारायला?"

"दोन्ही."

"मग आधी वेळ सांगतो, ते सोपं आहे." त्याने फोटो परत केले. "तीस मिनिटं."

"चाळीसचा नियम आहे."

"तेच तर. तान्ह्या बाळाचं रक्त होतं, ताई. नळीत जेमतेम करंगळीच्या पेराएवढं. मला वाटलं, चाळीस मिनिटांत पेशी हातच्या जातील. म्हणून ती नळी मी सगळ्यात शेवटी घातली आणि सगळ्यात आधी काढली. तीस मिनिटं. घड्याळ समोर ठेवून."

"तेव्हा का नाही सांगितलंस?"

"काय सांगणार? तुम्ही ओरडत होतात जास्त झालं म्हणून. मी म्हणायचं, छे छे, उलट मी नियम मोडून कमी ठेवलं? एका चुकीसाठी झापत होतात, मी दुसरी काढून हातात देऊ?" त्याने भट्टीच्या काचेतून आत पाहिले. "मी म्हटलं होतं, जास्त नाही झालं. तुम्ही पुढे विचारलंच नाहीत. किती झालं, असं एकदा जरी विचारलं असतंत ना, सांगितलं असतं."

ताईंनी हातातले फोटो पुन्हा पाहिले. तीस मिनिटांत हातसुद्धा नीट उघडत नाहीत. मग कंबर औषधाने सुटलेलीच नव्हती. ती मुळात बांधलेलीच नव्हती.

"त्या बाईला परत दिवस गेलेत," त्या म्हणाल्या.

त्याच्या हातातले फावडे खाली टेकले. "कितवा?"

"पंधरावा आठवडा."

"मग इथे काय करताय? जा की."

"हे लिहून हवंय. तुझ्या सहीने."

"म्हणजे पुन्हा माझीच चूक निघाली लेखी!" तो म्हणाला, पण एप्रनला हात पुसत कागद शोधायला वळलासुद्धा. पावाच्या पिशवीचा कोरा कागद फाडून, पिठाच्या पोत्यावर ठेवून त्याने चार ओळी लिहिल्या. तारीख घातली. सहीखाली आधी कधी घातली नव्हती तशी वेळही घातली.

"ताई, एक सांगतो. माफी मला तोंडी नको. ती वही आहे ना, तिच्यात जिथे हलगर्जी लिहिलंय, तिथेच लिहा. तोंडचं वाऱ्यावर जातं."

भट्टीची घंटा वाजली. तो वळला तो वळलाच.

त्या संध्याकाळी ताईंनी नोंदवही उघडून जुन्या नोंदीखाली लाल शाईने लिहिले. "नळी १२ मध्ये औषध तीस मिनिटे होते. संबंधिताची हलगर्जी नव्हती. कंबरेचे बंध सुटलेल्या पेशी सोडल्या गेल्या. नोंद अकराची आहे, प्रत्यक्षात जास्त. सोडणारी मी." खाली पूर्ण नावाने सही केली. मॅडमांनी ती नोंद वाचली, पावाचा कागद वाचला आणि फोन उचलून स्त्रीरोग विभागाला त्या जोडप्याला बोलावून घ्यायला सांगितले.

भेटीच्या खोलीत चार खुर्च्या होत्या आणि एक टेबल. बाळाची आई टपाल कार्यालयात खिडकीवर बसायची. समोरच्याचे बोलणे पूर्ण ऐकून मगच तोंड उघडायची, ही खिडकीची सवय असावी. तिचा नवरा ट्रक दुरुस्त करायचा. त्याच्या बोटांच्या पेरांत काळे तेल कायमचे बसलेले होते. मॅडमांनी सुरुवात केली, पण "काही नव्या बाबी समोर आल्या आहेत" इथवर आल्यावर ताईंनी त्यांना थांबवले.

"चूक माझी आहे, मीच सांगते."

त्यांनी सांगितले. कड्या म्हणजे काय, गाठ म्हणजे काय, पुढच्या बाळाला चारात एक म्हणजे काय. धाकटीचा धावदोराही त्यांनी वापरला. बाळाच्या आईने शेवटपर्यंत ऐकून घेतले.

"म्हणजे तेव्हा तुम्हाला दिसलं होतं."

"हो."

"आणि तुम्ही सोडलं."

"हो. मला वाटलं, आमच्याच कामात बिघाड झालाय."

"किती सोडल्या?"

"वहीत अकरा आहेत. अकरानंतर मी मोजलं नाही. आता हिशेब केला. चांगल्या वीस मिळवायला पन्नासेक सोडाव्या लागल्या असणार."

नवऱ्याची खुर्ची मागे सरकली. "पन्नास?" तो उभा राहिला होता. "वीस चांगले नट मिळाले म्हणून पन्नास सैल असलेला ट्रक मी रस्त्यावर सोडला तर लोक मला चौकात धरून मारतील!"

"मारायलाच हवं," ताई म्हणाल्या.

तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

बाळाची आई टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत होती. "मला एक विचारायचंय. चौथ्या महिन्यात माझं डोकं फार दुखायचं. दोन गोळ्या घेतल्या होत्या. साध्याच. बाळ झाल्यावर सगळ्यांनी तेच विचारलं. डॉक्टरांनी, सासूबाईंनी, शेजारणीने. गोळ्या घेतल्या होत्या का. रिपोर्ट सामान्य आहे म्हटल्यावर दुसरं कारण उरलंच नव्हतं ना." तिने मान वर केली. "त्या गोळ्यांचं काय?"

"गोळ्यांचा काही संबंध नाही," ताई म्हणाल्या. "हे तुम्हाला दिवस गेले त्या घटकेलाच ठरलं होतं. तुम्ही काही केलं नाहीत."

ती रडली नाही. नवरा भिंतीपासून वळून तिच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला.

"तीन वर्षं मी डोकं दुखलं तरी गोळी घेत नाही," ती म्हणाली.

मॅडमांनी पुढचे सांगितले. आठवड्याभरात गर्भजल घेता येईल. दहा-बारा दिवस पेशी वाढवाव्या लागतील. जनुकाची तपासणी बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवू, तिला जास्त वेळ लागेल. सोनोग्राफीत हात मोजलेत, पण माप अगदी खालच्या कडेवर आहे, त्यावरून आत्ता काही ठरवता येत नाही.

"गर्भजल देते," बाळाची आई म्हणाली. "पण रिपोर्ट मला नको."

"म्हणजे?"

"तुमच्या रिपोर्टावर जे वाक्य येईल ते माझ्या घरी आहेच. कपाटात, प्लास्टिकच्या पिशवीत. 'संख्येने व रचनेने सामान्य.' पाठ आहे मला. आणखी एक तसलाच कागद घेऊन काय करू? तुम्ही वाचाल तेव्हा मी शेजारी बसणार. सोडलेल्यासुद्धा बघणार."

"आमच्याकडे तशी पद्धत नाही," मॅडम म्हणाल्या.

"तुमची पद्धत मी बघितली."

मॅडमांनी ताईंकडे पाहिले. ताई म्हणाल्या, "या तुम्ही. मी कळवते."

काच तयार झाली त्या दिवशी ती एकटीच आली. नवरा बाहेर बाकावर बसला. आत यायचा धीर होत नाही, असे तो म्हणाला. तिला एक जुना पांढरा कोट दिला, तो तिला पोटावर जेमतेम बसला. प्रयोगशाळेत व्हिनेगरसारखा आंबट वास होता. तिने नाकाला रुमाल लावला आणि थोड्या वेळाने काढला. वाचायच्या सूक्ष्मदर्शकाला समोरासमोर डोळे लावायच्या दोन जागा होत्या. नवख्याला शिकवण्यासाठी. दुसऱ्या जागी तिला बसवले.

"आधी काय बघायचं ते दाखवते," ताई म्हणाल्या. "घट्ट कशी आणि सुटलेली कशी. सुटलेली माझ्याकडे एकाच काचेवर आहे."

"त्याची?"

"हो. नको असेल तर चित्रावर दाखवते."

"त्याचीच दाखवा."

ताईंनी बारा नंबरची काच लावली. बाळाची आई डोळे लावून बसली. जांभळ्या रंगाचे छोटे छोटे रूळ, दोन दोन, शेजारी शेजारी, एकमेकांना कुठेच न धरणारे. ती इतका वेळ हलली नाही की ताईंनी एकदा समोर बघून घेतले.

"मोजून सेहेचाळीस आहेत?" तिने विचारले.

"मोजून सेहेचाळीस."

"काढा आता. दुसरी लावा."

ताईंनी नवी काच लावली. सहायकाने नोंदवही उघडली. औषधाच्या रकान्यात चाळीस मिनिटे लिहिलेली होती आणि घड्याळ बघणाऱ्या दोघांच्या सह्या होत्या. ही नवी पद्धत आठवड्यापूर्वीच सुरू झाली होती. डाव्या टोकापासून सुरुवात करायची, समोर येईल ती पेशी घ्यायची, देखणी असो वा नसो. पन्नास.

पहिली आली. ताईंनी काच स्थिर केली, बारीक चाक फिरवले. फुल्या. लहान, मोठ्या, सगळ्यांच्या कंबरा आवळलेल्या. त्या काही बोलल्या नाहीत. बोलायचे नाही असे त्यांनी ठरवले होते. आपण 'घट्ट' म्हटले की तिलाही घट्टच दिसेल.

"घट्ट," बाळाची आई म्हणाली.

"एक," सहायकाने रेघ ओढली.

दुसरी घट्ट. तिसरीत दोन फुल्या एकमेकींवर पडलेल्या होत्या. त्यांतली खालची नीट दिसेपर्यंत तिने ताईंना पुढे जाऊ दिले नाही. "थांबा. ती आडवी. तिची कंबर कुठाय?" ताईंनी दाखवली. सातवी कुरूप होती, कडेला गोळा झालेली. ताईंचा हात सवयीने काच सरकवायला गेला आणि जागीच थांबला. सातवी वाचायला त्यांना सहा मिनिटे लागली. घट्ट.

विसावी झाली तेव्हा ताईंच्या लक्षात आले की आजवर आपण इथेच उठत होतो.

सदतिसाव्या पेशीवर बाळाची आई एकदम म्हणाली, "ही?"

ताईंनी चाक खाली-वर केले. पेशी अर्धवट फुटली होती. गुणसूत्रे एका ढिगात, वर रंगाचा डाग. एका जागी दोन समांतर काड्या दिसत होत्या. त्या एकाच गुणसूत्राच्या होत्या, की दोन वेगवेगळ्या, शेजारी पडलेल्या? त्यांनी उजेड कमी केला. वाढवला. भिंग बदलले. सव्वीस वर्षांचा डोळा लावून त्या बघत राहिल्या. समोरच्या बाईचा श्वास त्यांना ऐकू येत होता.

"मला सांगता येत नाही," ताई शेवटी म्हणाल्या.

"घट्ट नाही?"

"घट्ट आहे असं म्हणता येत नाही. सुटलीय असंही म्हणता येत नाही."

"मग सोडणार?"

"नाही." ताई सहायकाकडे वळल्या. "लिही. सदतीस. वाचता आली नाही."

पेन कागदावर चालल्याचा आवाज आला. बाळाच्या आईने डोळे भिंगापासून उचलून वहीतली ती ओळ वाचून घेतली. अक्षरन् अक्षर, खिडकीवर पावती तपासावी तशी. मग पुन्हा डोळे लावले.

"पुढची घ्या," ती म्हणाली.

अडतिसावी घट्ट होती. एकोणचाळिसावी घट्ट. पन्नासावी संपली तेव्हा ताईंची मान आखडली होती. बाळाच्या आईने दोन्ही तळहात मांडीवर पालथे ठेवले होते.

"एकोणपन्नास घट्ट," सहायक म्हणाला. "एक वाचता आली नाही."

"त्याच्या साठांत त्रेचाळीस सुटलेल्या होत्या," ताई तिला म्हणाल्या. "यालाही तोच दोष असता तर आज आपल्याला एक नाही, तीस-पस्तीस दिसल्या असत्या. मला वाटतं, याच्या कड्या पक्क्या आहेत. जनुकाचा निकाल यायचाय. तो आला की मी 'वाटतं' हा शब्द काढीन."

बाळाच्या आईने मान हलवली. मग कोटाची बटणे काढायला लागली. तिसरे बटण निघेना, तशी ती थांबली आणि पुन्हा स्टुलावर बसली.

"आणखी आहेत ना या काचेवर?"

"आहेत. शंभर-दीडशे तरी."

"तुम्हाला घाई आहे?"

"नाही," ताई म्हणाल्या.

सहायकाने नवे पान उलटले आणि एक्कावन्न आकडा घातला.